साठ मिनिटांची हळद

लग्नसराईत कल्याण सोडलेली कर्जत लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरला पोहोचेपर्यंत दोन-तीन हळदी तरी कानावर पडतातच. रुळांच्या खडखडाटावर मात करून एक धारदार, किंचित चिरका सूर खिडकीतून आत शिरतो. नवख्या माणसाला वाटतं, कुणी गिटार वाजवतंय. तो असतो बेंजो.

१९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याची हुर्यो उडवली. चार वर्षांनी इंग्लंडच्या फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडने जुनी लोकगीतं विजेच्या गिटारवर चढवून ‘लीज अँड लीफ’ हा अल्बम काढला आणि तो फोक-रॉकचा मानदंड ठरला. आपल्याकडे हेच लग्नाच्या मांडवात घडलं. हुर्यो कुणी उडवली नाही, उलट लोक ‘आवाज वाढव’ म्हणून ओरडले. त्यामुळेच बहुधा या प्रकाराला कुणी नावही दिलं नाही.

बेंजोचं अमेरिकन बँजोशी फक्त नावापुरतं नातं. याचा पूर्वज जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबलं की तार खालच्या पट्टीवर टेकते, तिची वाजणारी लांबी कमी होते, सूर चढतो. उजव्या हातातली पत्ती तार छेडते. शिकायला सोपं, म्हणून मुलांच्या खेळण्यातही जमा होतं.

मग कुणीतरी तारांखाली पिकअप बसवला. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह निर्माण होतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याला मोठा करून भोंग्यात सोडतो. इलेक्ट्रिक गिटारमध्येही हेच तंत्र. हाताच्या अंतरावर ऐकू येणारं वाद्य आता जनरेटर, ढोल आणि चारशे नाचणारी माणसं यांच्या डोक्यावरून जाऊ लागलं.

पण यात एक अडचण आहे, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. गाणारा माणूस एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, मींड घेतो. बेंजोची बटणं ठरलेल्या जागी असतात, मधला सूर तिथे मिळत नाही. शिवाय छेडलेली तार क्षणात विझते. मग सूर धरून ठेवायचा कसा? वादक पत्ती इतक्या वेगाने खालीवर मारतो, की विझायच्या आत तार पुन्हा बोलते. गळ्यातली अखंड रेघ बेंजोवर अशी दाण्यादाण्यांची होते. लोकलमध्ये ऐकू येतो तो हाच दाणेदार थरकाप. बोटं ज्याची तयार, त्याचे दाणे बारीक.

मांडवातली हीच गाणी पुढे कॅसेटवर गेली, आता तिकडे वळू. हळदीचं मूळ गाणं वाद्याशिवायचं. आगरी लग्नात धवलारीण धवले गाते: एकीने ओळ घ्यायची, बाकीच्यांनी ती उचलायची. विधी संपेपर्यंत गाणं चालतं, घड्याळाचा संबंध नाही. कॅसेटला मात्र घड्याळ होतं. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या या डबीत ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे अर्धा तास, म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत. रात्रभराची हळद त्यात बसवायची तर एका बाजूला पाच-सहा मिनिटांची पाच गाणी, एवढाच हिशेब. तीन-सव्वातीन मिनिटांच्या जुन्या तबकडीपेक्षा हे ऐसपैस होतं. त्यामुळे मुखड्याआधी लांब म्युझिक पीस घालता आला, दोन कडव्यांमध्ये नाचायला जागा ठेवता आली. पहिलं गाणं हुकमी एक्का. दुसऱ्या बाजूचं चौथं बहुतेक वेळा भरताड.

१९८३ मध्ये गुलशन कुमार यांची सुपर कॅसेट्स उभी राहिली आणि दशकभरात कॅसेटचा धंदा मूठभर मोठ्या कंपन्यांच्या हातातून सुटला. कल्याणशी नातं असलेल्या शिंदे घराण्याला प्रल्हाद शिंदे यांचा तबकड्यांचा जमाना ठाऊक होता. आनंद आणि मिलिंद शिंदे यांचा आवाज कॅसेटवरून रिक्षा, टपरी, मांडव असा सगळीकडे पोहोचला. किनाऱ्यावरून वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं आली, तीही कॅसेटवरच.

स्टुडिओचे पैसे शिफ्टवर मोजले जायचे, त्यामुळे तालमी घरी उरकलेल्या असत. पहिला तास जायचा ढोलकी लावण्यात. गायकाची पट्टी काळी चार असेल तर ढोलकीची शाईची बाजू त्या षड्जाला आणावी लागते, नाहीतर प्रत्येक थाप गाण्याला टोचत राहते. हलगी बाहेर नेऊन शेकवून आणायची, कारण गारव्यात कातडं सैल पडून ती ‘ठस्स’ वाजते. कोरसच्या बायका एका माइकभोवती अर्धगोलात उभ्या राहायच्या. त्यांचं काम धवल्यातलंच, उचललेली ओळ परत करायचं.

मांडवात ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो. तोच फितीवर घालायला गेलं तर पंचाईत होते. फितीवरच्या चुंबकीय कणांची एक मर्यादा असते. खर्जाचा मोठा आवाज ती सगळी जागा खाऊन टाकतो आणि बाकीचं फाटतं. वर घरोघरच्या टू-इन-वनचा स्पीकर बशीएवढा, त्यातून खर्ज येणारच नसतो. म्हणून रेकॉर्डिस्ट घुमारा कापतो, ढोलकीची चाट आणि बेंजोची धार पुढे काढतो, गायकाच्या आवाजाला इको देतो. टेपवर इको द्यायची जुनी युक्ती साधी होती: आवाज एका हेडने फितीवर भरायचा, फीत पुढे सरकली की दुसऱ्या हेडने तो वाचायचा आणि सेकंदाच्या एखाद्या अंशाने उशिरा आलेला तो आवाज मूळ आवाजात मिसळायचा. मोकळ्या मैदानातल्या भोंग्याचा भास तयार. त्या काळच्या लोकगीतांचा चिरकेपणा अडाणीपणातून आला असं समजणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. तो मोजून मापून केलेला होता.

मास्टर तयार झाला की कारखान्यात नक्कल निघायची. तिथे दोन्ही बाजू एकदमच भरतात, एक सरळ आणि एक उलटी. वेग ३२ पट ठेवला तर अर्ध्या तासाची बाजू एका मिनिटाच्या आत उतरते. नकला फितीच्या मोठ्या चकतीवर सलग घेतात, मग कापून डबीत गुंडाळतात. पुढची नक्कल गल्लीत व्हायची, दोन खणांच्या डेकवर. सिंधी निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली गाव म्हणून उभं राहिलेलं आणि ‘मेड इन यूएसए’तल्या यूएसएचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगून हसणारं शहर शेजारीच असल्यावर नकलेचं कुणाला फार वाटायचं नाही. स्टेशनबाहेरच्या एका दुकानातून मी घेतलेल्या कॅसेटची फीत मूळ कॅसेटपेक्षा थोडी आखूड होती. शेवटच्या गाण्याचं दुसरं कडवं ‘नवरी’ या शब्दावर तुटायचं. आजही ते गाणं माझ्यासाठी तिथेच संपतं.

हळदीत वाजवणारे बेंजो पार्टीवाले या कॅसेटी घेऊन बसायचे. नोटेशन नाही, मागेपुढे करत कानाने चाल उतरवायची. पार्टीत बहुधा गायक नसतो, गायकाची जागा बेंजो घेतो. पाच मिनिटांचं गाणं रस्त्यावर परत वीस मिनिटांचं होतं. नाचणाऱ्यांनी मागितलं तर तोच पीस दहा वेळा फिरतो. फितीने जे कापलं ते पार्टी असं परत जोडते.

आता अंबरनाथ-बदलापूरकडे सदनिकेतल्या एका खोलीत लॅपटॉपवर गाणं होतं. ढोल साठवलेल्या नमुन्यांमधून येतो, कानात क्लिक चालू असते आणि बेंजोची वायर थेट संगणकाला जोडता येते. लांबीची अट उरली नाही. घड्याळ मात्र दुसऱ्या वाटेने परत आलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा बंद केला. दहाला पाच कमी असताना पार्टीचा म्होरक्या शेवटचं गाणं दुपटीत नेतो, मग जनरेटर बंद पडतो. वायर काढलेला बेंजो मांडीवर घेऊन एखादा पोरगा उगाच चाळा करत बसतो, तीन हातांपलीकडे ऐकू जात नाही. आतल्या खोलीत, माइकशिवाय, म्हाताऱ्या बायकांनी धवला धरलेला असतो.