पितळेवरची वेल

आपल्या घरातल्या मांडणीवरचा एखादा जुना पितळी डबा किंवा तांब्या हातात घेऊन पाहा. त्यावर कुणाचे तरी नाव असते, साल असते, "सप्रेम भेट" अशी अक्षरे असतात. कधीकधी नावाभोवती एक बारीक वेल फिरलेली असते. नाव सगळेच वाचतात, वेलीकडे फारसे कुणी बघत नाही. माझे वडील गेली तीस वर्षे भांडी बाजारात बसून ही नावे आणि या वेली घालीत आले आहेत. म्हणून वेलीविषयीच चार शब्द लिहावेत असे ठरविले.

आप्पांची शाळा दुसरीतच सुटली. गिऱ्हाईक कागदावर नाव लिहून देते आणि ते पाहून आप्पा भांड्यावर उतरवितात. एकदा कागदावरच एक काना राहिला होता. तो भांड्यावरही राहिला आणि दुकानासमोर मोठे भांडण झाले. तेव्हापासून, म्हणजे मी चौथीत असल्यापासून, नावे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. कोरण्याचे काम मात्र मी आपणहून अंगावर घेतले आणि पहिल्याच दिवशी फजिती करून घेतली.

बारावीनंतरची सुटी होती. लग्नातल्या आहेरासाठी एक पितळी तबक आले होते. त्याच्या काठावर वेल हवी होती. आप्पा जेवायला घरी गेले होते. मी छिन्नी-हातोडी उचलली आणि तीन वळणे कोरून टाकली. मला ती फार छान वाटली. आप्पांनी येऊन तबक उलटे फिरवले, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, "पोरी, ही वेल न्हाई. ही वाकडी झालेली तार हाय." पितळेवर खोडरबर चालत नाही. वरवरचा ओरखडा घासून घालवता येतो, खोल गेलेली रेघ कायमची. आप्पांनी गिऱ्हाइकाला नवे तबक आणून दिले, पैसे स्वतःच्या खिशातून भरले. माझ्यावर ते रागावले नाहीत, त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

माझा समज असा होता की चूक हाताची आहे, सराव केला की सुधारेल. पण आप्पांनी पुढचे दोन महिने माझ्या हाती छिन्नी दिलीच नाही. पेन्सिल दिली. ते म्हणाले, जी वेल कागदावर येत नाही ती पितळेवर कुठून येणार?

वेलीचा कणा म्हणजे मधला देठ. तो आधी काढायचा. पाने, फुले नंतर. देठाचे वळण बाहेरून आत जाताना हळूहळू घट्ट होत गेले पाहिजे. मध्येच सपाट झाले किंवा एकदम वळले की नजर तिथे ठेचकाळते. माझी वेल "तार" झाली ती याच कारणाने. एक वळण डावीकडे गेले की पुढचे उजवीकडे जाते आणि दोन्ही मिळून पाण्यासारखी वाहती रेघ व्हावी लागते. फांदी देठाला काटकोनात चिकटवायची नाही. ओढा नदीला मिळतो तशी ती देठाच्याच दिशेने हळूच बाहेर पडावी. पाने वळणाच्या पोटात शिरताना लहान होत जावीत आणि मधल्या मोकळ्या जागा साधारण सारख्या राहाव्यात. एके ठिकाणी गर्दी आणि दुसरीकडे ओसाड, असे झाले की वेल मेली.

कागदावरचे चित्र जमले की भांड्यावर पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे चकचकीत पितळेवर पेन्सिल उमटते. मग कोरणे. इथे दोन गोष्टी मी चुकून चुकूनच शिकले. पहिली, छिन्नीची धार. धारेच्या खालच्या बाजूला एक छोटी टाच घासलेली असते. तिच्यामुळे छिन्नी धातूत फार खोल रुतत नाही. पण ही टाच लांब राहिली तर घट्ट वळणावर ती बाहेरच्या कडेला घासते आणि रेघेला कुसळे येतात. म्हणून बारीक वळणासाठी आखूड टाच लागते. दुसरी गोष्ट, वळणावर हात फिरवायचा नाही, भांडे फिरवायचे. भांडे वाळूच्या पिशवीवर ठेवलेले असते. दोन्ही हात छिन्नी-हातोडीचा ताल सांभाळतात आणि गुडघ्याने व कोपराने भांडे सरकत राहते. पानाच्या शिरा मुळाशी खोल, टोकाकडे विरत जाणाऱ्या, आणि साऱ्या मुळाकडे वळलेल्या. शेवटी मागच्या मोकळ्या जागेत बारीक टिंबे ठोकायची, म्हणजे तो भाग काळसर दिसतो आणि वेल वर उठते.

गेल्या वर्षी इतिहास विभागाची सहल अजिंठा आणि छत्रपती संभाजीनगरला गेली. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात सगळे भिंतीवरची चित्रे पाहत होते, मी मान वर करून छत पाहत होते. पाचव्या शतकातल्या त्या रंगीत फुलापानांत देठ कुठेही तुटत नाही. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर पितळी पत्रा मढविला आहे आणि त्यावर फुलापानांची नक्षी आहे. त्या दरवाज्यावर अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावेही आहेत. मैत्रिणी नावे ऐकून पुढे गेल्या, मी फुलांपाशी राहिले. ते काम उठावाचे आणि आमचे खोदकामाचे, तरी वळणाचा नियम तोच! आप्पांना तो कुणी पुस्तकातून शिकविला नव्हता.

परत आल्यावर ग्रंथालयात वाचले की मिरजेत १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. छापायचे म्हणजे पत्र्यावर सारी अक्षरे उलटी कोरायची. मी आश्चर्याने हे आप्पांना सांगितले. ते सहज म्हणाले, "मला काय, उलटं-सुलटं सारखंच."

मी गप्प झाले. त्या वाक्याने मला वाईट वाटले, आणि त्याच वाक्याने तबक उलटे फिरविण्याचा अर्थही कळला. मला वाचता येते, म्हणून मी "हे पान, हे फूल" असे वाचत जाते आणि वाकडी रेघ माझ्या नजरेतून सुटते. आप्पा वाचत नाहीत, पाहतात. अक्षर असो की पान, त्यांच्यासाठी ते एक वळण असते. ज्यांना हे काम सुधारायचे आहे त्यांनी आपले चित्र उलटे धरून पाहावे, आरशात पाहावे. ओळखीचे अनोळखी झाले की चूक दिसते.

आज बाजारात विजेच्या मशीनवर पाच मिनिटांत नाव घालून मिळते. स्टीलच्या डब्याला तेवढे पुरतेही. वेलीचे काम लग्नसराईत दोन-चार मिळते. त्यावर घर चालत नाही, माझी फी तर नाहीच. तरीही रविवारी मी आप्पांशेजारी बसते. माझे ते पहिले तबक आमच्या देवघरात आहे. आरतीच्या वेळी ती तीन वाकडी वळणे रोज दिसतात, आणि दिसावीत हेच बरे.

परवा मी एका कलशावर वेल पुरी केली. आप्पांनी तो उलटा धरला, फिरवला आणि एका जागी नख ठेवले. "इथं अडकतंय." मग स्वतः कोरलेले नाव माझ्यापुढे केले, "तू बघ, काना-मात्रा." आमच्याकडे आता अशी वाटणी झाली आहे. नाव मी तपासते, वेल आप्पा तपासतात.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला