मत्स्यसंवर्धनातील ताण व माशांचा शरीरक्रियात्मक प्रतिसाद : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
यवतमाळ हा प्रामुख्याने कापूस उत्पादक जिल्हा म्हणून ओळखला जातो. तथापि पूस, अरुणावती व बेंबळा ही धरणे, लहानमोठे तलाव आणि शेततळी यांमुळे येथे गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनास मोठा वाव आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे कोरडवाहू शेतकऱ्यांचेही या जोडधंद्याकडे लक्ष वेधले गेले. कटला, रोहू व मृगळ या जातींची बोटुकली तळ्यात सोडल्यानंतर दोन-तीन दिवसांत मरू लागली, तर दोष बहुधा बियाण्यास दिला जातो. प्रत्यक्षात अनेकदा त्यामागे हाताळणी व वाहतुकीचा ताण असतो. या ताणाची शरीरक्रिया स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिसादाचे तीन टप्पे :
ताणाची जैविक संकल्पना हान्स सेली यांनी १९३६ मध्ये मांडली. माशांमधील प्रतिसादाचे प्राथमिक, दुय्यम व तृतीयक असे तीन टप्पे मानले जातात.

प्राथमिक टप्प्यात चेतासंस्थेच्या संदेशाने काही सेकंदांतच ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. त्यापाठोपाठ अधोथॅलॅमस पोष ग्रंथीस उत्तेजित करतो व काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढू लागते. अस्थिमत्स्यांमध्ये सस्तन प्राण्यांसारखी स्वतंत्र अधिवृक्क ग्रंथी नसते. ही संप्रेरके वृक्काच्या पुढील भागातील पेशी स्रवतात.

दुय्यम टप्प्यात यकृतातील ग्लायकोजेनचे विघटन होऊन रक्तशर्करा वाढते. तडफडीमुळे स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते. अधिक प्राणवायू मिळावा म्हणून कल्ल्यांतील रक्तप्रवाह वाढतो. परंतु त्याचबरोबर कल्ल्यांची पार्यताही वाढते. गोड्या पाण्यातील माशाचे रक्त सभोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक खारट असल्याने पाणी शरीरात शिरते व क्षार बाहेर पडतात. क्षारसंतुलनाचा हा बिघाड वाहतुकीनंतरच्या मरतुकीचे एक महत्त्वाचे कारण होय.

ताण अल्पकाळ टिकल्यास मासा पूर्वस्थितीत येतो. तो दीर्घकाळ राहिल्यास तृतीयक टप्पा सुरू होतो. वाढ खुंटते, प्रजननक्षमता घटते आणि कॉर्टिसॉलमुळे रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते. पाण्यात नेहमीच असणारे एरोमोनास हायड्रोफिला यांसारखे जीवाणू अशा वेळी रोगकारक ठरतात. म्हणजेच रोग दिसतो तो शेवटी. त्याची सुरुवात ताणाने झालेली असते.

स्थानिक परिस्थिती :
विदर्भातील उन्हाळा या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. २५ अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांस हे प्रमाण सुमारे ७ मिलिग्रॅमवर येते. याउलट तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज वाढते. पाणी आटल्याने माशांची दाटी होते. शेवाळयुक्त पाण्याचा सामू दुपारी वाढतो, तेव्हा अमोनियाचे विषारी रूप बळावते. ३० अंशांस सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी, तर सामू ९ असताना चाळीस टक्क्यांहून अधिक भाग विषारी स्वरूपात असतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबल्याने पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागणे हा त्याचा स्पष्ट इशारा समजावा.

उपाययोजना :
१) वाहतुकीपूर्वी बोटुकली एक दिवस उपाशी ठेवावी; त्यामुळे पिशवीतील पाणी विष्ठा व अमोनियाने कमी दूषित होते.
२) वाहतूक प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून, सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी. पाण्यात अल्प प्रमाणात मीठ घातल्यास क्षारांचा ऱ्हास कमी होतो.
३) पिशवी तळ्यात १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी. नंतर तळ्याचे पाणी हळूहळू पिशवीत घेऊन बोटुकली आपणहून बाहेर जाऊ द्यावी.
४) मासे पृष्ठभागावर दिसताच खाद्य बंद करून ताजे पाणी सोडावे किंवा पंपाने पाण्याचा फवारा मारावा.
५) दुपारच्या उन्हात जाळे ओढणे टाळावे.

समारोप :
ताण पूर्णतः टाळता येत नाही. परंतु त्याची तीव्रता व कालावधी निश्चित कमी करता येतो. वरील उपायांना फारसा खर्च लागत नाही, लागते ती वेळेची शिस्त. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्या शेतकऱ्यास शेततळ्यातील मासळी हा उत्पन्नाचा दुसरा आधार ठरू शकतो. तो टिकवायचा असेल, तर माशाच्या शरीरक्रियेचे हे ज्ञान प्रयोगशाळेबाहेर, तळ्याच्या काठापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.