गरम प्लग

रात्री अकराच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका शेजाऱ्यांची नवी इलेक्ट्रिक कार चार्जिंगला लावलेली दिसली. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडला होता. सहज प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता.

यामागचा हिशेब सोपा आहे. घरातल्या पॉवर पॉइंटमधून २३० व्होल्टला साधारण १५ अँपिअर प्रवाह मिळतो, म्हणजे तासाला जेमतेम साडेतीन युनिट. छोट्या कारची ३० युनिटची बॅटरी पूर्ण भरायला नऊ-दहा तास लागतात. जवळपास एवढाच प्रवाह मोठा गिझरही ओढतो, पण वीस मिनिटांत तो बंद होतो. कार रात्रभर ओढत राहते. आता सॉकेटमध्ये पिन जरा सैल बसली आहे आणि तिथला रोध ओहमचा फक्त दहावा भाग आहे, असं समजा. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५ गुणिले १५, त्याचा दहावा भाग, म्हणजे साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच वॅटची असते. ती प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये रात्रभर चालू राहिली तर काय होईल?

म्हणून एक्स्टेंशन बोर्ड नकोच. मीटरपासून थेट वेगळी लाइन, किमान चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर (अंतर जास्त असेल तर आणखी जाड), स्वतंत्र एमसीबी, गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी आणि खरंखुरं अर्थिंग, एवढं हवंच. जुन्या इमारतींत सॉकेटचं तिसरं, अर्थिंगचं भोक अनेकदा नुसतं शोभेचं असतं. वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या.

हायवेच्या फूडमॉलवरच्या फास्ट चार्जरचं तंत्र वेगळं. बॅटरीला डीसी लागतो, घरात एसी येतो. घरी हे रूपांतर गाडीतलं छोटं यंत्र करतं. हायवेवर ते काम बाहेरचं कपाटाएवढं यंत्र करतं आणि ५०-६० किलोवॅटने वीज थेट बॅटरीत ओततं. मात्र ८० टक्क्यांच्या आसपास वेग मंदावतो. हंडा गळ्यापर्यंत भरत आला की आपण नळ बारीक करतो, तसंच. तरीही जोर लावला तर लिथियम बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. त्यामुळे प्रवासात ८० टक्के झाले की चार्जरची गन काढून मागच्याला जागा द्यावी, हे शहाणपणाचं आणि माणुसकीचंही.

रोजच्यासाठी मात्र घरचं सावकाश चार्जिंगच उत्तम, असं माझं ठाम मत आहे. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला पाच-सहा युनिट पुरतात, म्हणजे दोन तास. आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं परवानगी देतात. सोसायट्यांनी ‘नाही’ म्हणण्यापेक्षा पार्किंगपर्यंत नीट वायरिंग करून द्यावं. नकार मिळाला की खिडकीतून बोर्ड लोंबतात, आणि धोका सगळ्या इमारतीला होतो.

आज रात्री गाडी लावलीत, तर तासाभराने प्लगच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून पाहा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला तर आधी एमसीबी पाडा, मग प्लग काढा, आणि वायरमन येऊन जाईपर्यंत तिथे गाडी लावू नका.