परदेशी जाणारी बाटली आधी तपासली

२०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लेकरं दगावली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत. राग उत्पादकावर निघाला, तो रास्तच. पण नियामकाच्या टेबलावर काय झालं, तेही पाहायला हवं. तिथली चूक दरवेळी लाचखोरीतून होत नाही, विचारांच्या सवयीतूनही होते.

मूत्रपिंडं निकामी होऊ लागली तेव्हा शोध आधी साथीचा सुरू झाला. पाण्याचे, डासांचे नमुने घेतले गेले. साथ ओळखीची असते, औषधच विष असेल हे चटकन मनात येत नाही. ३ ऑक्टोबरला केंद्राने सांगितलं, आपण तपासलेल्या औषधांत डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन नाही. तमिळनाडूच्या तपासणीत मात्र या मुलांना दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये ते ४८.६ टक्के निघालं. मर्यादा आहे ०.१ टक्का.

मला याहून अधिक छळते ती २०२३ची गोष्ट. आदल्या वर्षी गांबियात सुमारे सत्तर मुलं गेली, भारतीय सिरपवर बोट ठेवलं गेलं, जगभर नाचक्की झाली. मग जूनपासून नियम आला : निर्यातीचं खोकल्याचं सिरप ठरलेल्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बाहेर जाणार नाही. गल्लीतल्या मेडिकलमध्ये जाणाऱ्या बाटलीला ही सक्ती नव्हती. जे सहज आठवतं त्याचाच धोका माणसाला मोठा वाटतो, हे मानसशास्त्रज्ञ ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७३मध्येच मांडलं होतं. गांबिया आठवत होतं. जम्मूतल्या रामनगरची, २०१९-२०मध्ये याच विषाने गेलेली मुलं कुणाला आठवली नाहीत.

हीच सवय एकदा तारूनही गेली. १९३७मध्ये अमेरिकेत याच रसायनात विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसं मेली. शिकागोत ते औषध प्राण्यांवर तपासणाऱ्या चमूत फ्रान्सिस केल्सी ही विद्यार्थिनी होती. १९६०मध्ये ती अमेरिकी औषध प्रशासनात रुजू झाली आणि महिन्याभरात थॅलिडोमाइडची फाइल तिच्यापुढे आली. युरोपात औषध खपत होतं, कंपनीचा तगादा सुरू होता. केल्सी पुरावा मागत राहिली, मंजुरी दिली नाही. या औषधामुळे जगात दहा हजारांवर बाळं व्यंग घेऊन जन्मली. अमेरिका बव्हंशी वाचली. विषाने मरताना काय होतं, हे तिने प्रयोगशाळेत पाहिलं होतं.

आपल्याकडेही अशी आठवण आहे. १९८६मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी करून प्रशासनाचे वाभाडे काढले. नवा औषध निरीक्षक कामावर येईल त्या पहिल्या आठवड्यात त्याच्या हाती तो अहवाल द्या.