पाच जण दहांना कसे अडवतात?

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीलाच तुम्हांला एक कोडे घालतो. फुटबॉलच्या मैदानावर एका बाजूला दहा खेळाडू आहेत आणि दुसऱ्या बाजूला फक्त पाच. त्या पाचांपैकी एक गोलरक्षक. दहा जणांना पंधरा मिनिटांचा वेळ दिला आहे. त्यांच्याकडून चेंडू गेला, की त्यांनी पुन्हा आपल्या अर्ध्या मैदानात जाऊन नव्याने चढाई सुरू करायची. सांगा पाहू, पंधरा मिनिटांत किती गोल होतील?

"पाच-सहा तरी होतीलच!" असे तुम्ही म्हणाल. पण हा प्रयोग खरोखरच झालेला आहे. इटलीतील मिलान संघाचे प्रशिक्षक आरिगो साक्की १९८७ साली त्या संघात आले आणि सरावात ते हा खेळ वारंवार घेत. दहांच्या बाजूला रूड गुलिट आणि मार्को व्हान बास्टेन यांच्यासारखे जगातले नामांकित आघाडीवीर असत. पाचांच्या बाजूला गोलरक्षक जोवान्नी गाली, दोन कडांना माउरो तास्सोत्ती आणि पाओलो माल्दिनी, आणि मध्यभागी फ्रांको बारेसी व आलेस्सांद्रो कोस्ताकुर्ता ही जोडी. साक्कींनी पुढे सांगितले आहे, की दहा जणांना एकदाही गोल करता आला नाही!

यात जादू नव्हती. पाच जण काही राक्षसी ताकदीचेही नव्हते. मधल्या जोडीतला बारेसी तर अवघा १७६ सेंटिमीटर उंचीचा, म्हणजे बचावपटूंमध्ये ठेंगणाच. मग यामागचे रहस्य काय? ते तुमच्याच गणिताच्या आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकात दडलेले आहे.

चेंडूच्या जागी दिवा ठेवा

फुटबॉलच्या गोलाची रुंदी ७.३२ मीटर असते. समजा, चेंडू गोलाच्या बरोबर समोर २० मीटरवर आहे. आता कल्पना करा, की चेंडूच्या जागी एक लहानसा दिवा ठेवला आहे आणि बचाव करणारा खेळाडू त्या दिव्यासमोर उभा आहे. त्याची सावली गोलावर पडेल. जेवढ्या भागावर सावली, तेवढ्या भागाकडे जमिनीलगत सरळ मारलेला चेंडू जाऊ शकत नाही.

पाय फाकवून उभ्या असलेल्या खेळाडूची रुंदी आपण १ मीटर धरू. तो चेंडूपासून ४ मीटरवर उभा असेल, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने गोलरेषेवर त्याची सावली ५ मीटर रुंद पडेल. म्हणजे सव्वादोन मीटरहून अधिक गोल उघडा राहिला. तोच खेळाडू २ मीटरवर आला, तर सावली १० मीटर रुंद होईल. सबंध गोल झाकून वर शिल्लक!

म्हणजे चेंडूच्या जितके जवळ जावे तितके चांगले. मग सगळे बचावपटू धावत जाऊन चेंडूवर तुटून का पडत नाहीत? कारण इथे दुसरा एक नियम आडवा येतो.

एक-पंचमांश सेकंदाची अडचण

डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मेंदूपर्यंत पोहोचून पाय हलेपर्यंत काही काळ जातो. याला प्रतिक्रिया-काल म्हणतात. तरबेज खेळाडूलाही सुमारे ०.२ सेकंद लागतातच. आता आघाडीचा खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने चेंडू घेऊन येत आहे असे समजा. त्याने एकदम दिशा बदलून हुलकावणी दिली, तर बचावपटूचा पाय उचलला जाईपर्यंत तो १.४ मीटर पुढे निघून गेलेला असतो. दोन मीटरच्या अंतरातले सत्तर टक्के अंतर इथेच संपले!

एकट्या बचावपटूची खरी कोंडी ही आहे. दूर राहावे तर सावली अपुरी पडते, जवळ जावे तर हुलकावणी बसते. या कोंडीतून सुटका करण्यासाठीच दुसरा माणूस लागतो. पहिला चेंडूकडे झेपावला, की दुसरा त्याच्या मागे पाच-सहा मीटरवर, तिरक्या रेषेत उभा राहतो. हुलकावणी देऊन निसटणाऱ्या खेळाडूला चेंडू आपल्यापुढे थोडा ढकलावाच लागतो. तो ढकललेला चेंडू नेमका दुसऱ्याच्या टप्प्यात येतो. मागे कोणीतरी आहे ही खात्री असल्यामुळेच पहिला निर्धास्तपणे पुढे जाऊ शकतो. चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, की दोघांची कामे क्षणार्धात बदलतात. 'सेंटर बॅक'ची जोडी म्हणतात ती हीच.

जोडी कशी जन्मली?

ही गोष्ट माणसाला एका दिवसात सुचलेली नाही. १९२५ पूर्वी ऑफसाइडचा नियम असा होता, की पास दिला जाताना आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असले पाहिजेत. तेव्हा संघात दोनच बॅक असत. त्यांतला एक चार पावले पुढे सरकला, की समोरचा ऑफसाइड होई, आणि फसगत झालीच तर दुसरा बॅक मागे असेच. न्यूकॅसलचा बिल मॅक्क्रॅकन या डावपेचात इतका पटाईत होता, की सामने कंटाळवाणे होऊ लागले.

१९२५ साली नियमातील तीन खेळाडूंचे दोन झाले. परिणाम पाहा. इंग्लंडच्या लीग सामन्यांत १९२४-२५ च्या हंगामात ४,७०० गोल झाले होते. पुढच्या हंगामात तेवढ्याच सामन्यांत ६,३७३ झाले! आर्सेनल संघ ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलकडून ७-० असा सपाटून हरला. तेव्हा चार्ली बुकन या खेळाडूच्या आग्रहावरून व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी 'सेंटर हाफ'ला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभे केले. दोनच दिवसांनी आर्सेनलने वेस्ट हॅमला ४-० असे हरवले.

मध्यभागी असा एकच पहारेकरी ठेवण्याची पद्धत पुढे वर्षानुवर्षे चालली. पण २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर हंगेरीने तिचे वर्म शोधून काढले. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी पुढे न थांबता मागे सरकून खेळू लागला. त्याच्यामागे जावे तर गोलासमोर भगदाड पडते, न जावे तर तो मोकळा सुटतो! इंग्लंडचा पहारेकरी गोंधळून गेला आणि हंगेरीने ६-३ असा विजय मिळवला. एका माणसाला दोन ठिकाणी उभे राहता येत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. ब्राझीलने १९५८ च्या विश्वचषकात मध्यभागी बेलिनी आणि ओर्लांडो अशी जोडी ठेवून चौघांची फळी उभारली. पहिल्या चार सामन्यांत त्यांच्यावर एकही गोल झाला नाही, आणि चषकही त्यांनीच जिंकला.

मैदान लहान करण्याची युक्ती

आता साक्कींकडे परत येऊ. त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. म्हणजे क्षेत्रफळ झाले ७,१४० चौरस मीटर. गोलरक्षक सोडून दहा जणांत ते वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७१४ चौरस मीटर येतात. एवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे १५ मीटर. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावले, तरी मध्यापासून कडेपर्यंत जायला अडीच सेकंद लागतील. चेंडू थोपवून, मान वर करून पास द्यायला अडीच सेकंद म्हणजे चैनच!

साक्कींचा आग्रह असे, की आपल्या शेवटच्या बचावपटूपासून सर्वांत पुढच्या खेळाडूपर्यंतचे अंतर २५ मीटरच्या आसपास असावे. आता क्षेत्रफळ किती झाले? २५ गुणिले ६८, म्हणजे १,७०० चौरस मीटर. प्रत्येकाच्या वाट्याला १७०. वर्तुळाची त्रिज्या साडेसात मीटरच्या आत आणि पोहोचायला लागणारा वेळ फक्त सव्वा सेकंद. खेळाडूंचा वेग तसूभरही वाढला नाही, तरी प्रतिपक्षाचा निम्मा वेळ हिरावून घेतला गेला!

पण या युक्तीची किंमत मोजावी लागते. संघ असा पुढे सरकून आवळला गेला, की बचावफळीच्या पाठीमागे तीस-चाळीस मीटरचे मैदान ओस पडते. त्या मोकळ्या रानाची राखण कोणी करायची? ती करतो ऑफसाइडचा नियम. प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडू, पास दिला जाण्याच्या क्षणी चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. सर्वांत शेवटी बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून ही रेषा बचावफळीतला सर्वांत मागचा माणूस ठरवतो.

आता मेख लक्षात आली का? चौघांपैकी तिघे पुढे सरकले आणि एक जण मीटरभर मागे रेंगाळला, तर रेषा त्या एकट्याच्या पायाशीच राहते. बाकी तिघांचे श्रम वाया! कबड्डीत साखळी धरणाऱ्यांपैकी एकाचा हात सुटला, की चढाईपटू निसटतो, तसेच हे आहे. म्हणून साक्की आपल्या खेळाडूंकडून चेंडूशिवायच सराव करून घेत. "चेंडू आता इथे आहे" असे नुसते सांगायचे आणि सर्वांनी मिळून योग्य जागी सरकायचे. चेंडू, मोकळी जागा, प्रतिपक्षाचा खेळाडू आणि आपले सोबती, या चारही गोष्टींवर प्रत्येकाने लक्ष ठेवायचे. १९८७-८८ मध्ये मिलान इटलीचा विजेता झाला तेव्हा ३० लीग सामन्यांत त्यांच्यावर फक्त १४ गोल झाले होते.

दहा जण का हरत, याचे उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. माणसे दहा असली तरी चेंडू एकच होता. त्या एका चेंडूभोवतीचा वेळ आणि जागा ते पाच जण एकविचाराने आवळत होते, तर दहा जण आपापल्या मनाने धावत होते.

रेषापंचाच्या डोळ्यांची परीक्षा

आघाडीचा खेळाडू सेकंदाला ७ मीटर वेगाने गोलाकडे धावतो आहे आणि बचावफळी ३ मीटर वेगाने उलट दिशेला सरकते आहे. त्यांचा सापेक्ष वेग झाला सेकंदाला १० मीटर. पास देणाऱ्याच्या पायावरून नजर रेषेकडे वळवायला रेषापंचाला ०.२ सेकंद लागले, तरी तेवढ्यात चित्र २ मीटरने बदललेले असते! शिवाय मोजपात्रातील पाण्याची पातळी तिरक्या डोळ्याने पाहिली तर वाचन चुकते, तसेच रेषापंच रेषेच्या किंचित पुढेमागे असला तरी चुकतो. नेदरलँड्समधील राउल आउडेयन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले, की ऑफसाइडच्या पुष्कळशा चुका या अशा दृष्टिकोनामुळे होतात. रेषापंचाच्या प्रामाणिकपणाचा तिथे प्रश्नच नसतो.

२०२२ च्या कतार येथील विश्वचषकात यावर उपाय म्हणून १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. पण इथेही गणित करून पाहा. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात, १० मीटर सापेक्ष वेगाने अंतर २० सेंटिमीटरने बदलते. म्हणूनच चेंडूला पाय नेमका केव्हा लागला हे ठरवण्यासाठी चेंडूतच सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणारे यंत्र बसवले होते.

जोडी मोडली तेव्हा

१८ मे १९९४. अथेन्समध्ये युरोपच्या चषकाचा अंतिम सामना. समोर बार्सिलोनाचा बलाढ्य संघ. आणि मिलानचे बारेसी व कोस्ताकुर्ता दोघेही बंदीमुळे बाहेर! साक्कीही तोवर मिलान सोडून गेले होते. फाबिओ कापेल्लो प्रशिक्षक होते. त्यांनी माल्दिनीला कडेवरून मध्यभागी आणले आणि त्याच्या जोडीला फिलिप्पो गाली दिला. निकाल काय लागला? मिलान ४, बार्सिलोना ०. नावे बदलली, पण रेषा तीच राहिली.

दोनच महिन्यांनी, १७ जुलैला, अमेरिकेत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इटलीचे प्रशिक्षक होते साक्की. कोस्ताकुर्तावर पुन्हा बंदी होती. बारेसीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया होऊन महिनाही झाला नव्हता. तरी तो माल्दिनीच्या जोडीने उतरला आणि ब्राझीलच्या रोमारिओ-बेबेतो या जोडीला १२० मिनिटांत एकही गोल करू दिला नाही. पुढे पेनल्टीच्या फेरीत त्याने मारलेला चेंडू मात्र गोलावरून गेला आणि इटलीने चषक गमावला. बारेसी मैदानावरच रडला. पेनल्टीच्या वेळी शेजारी सोबती नसतो. तिथे माणूस एकटा असतो!

करून पाहा

१. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर हे प्रमाण घेऊन ७.३ सेंटिमीटर रुंदीचा गोल काढा. त्याच्या मध्यासमोर २० सेंटिमीटरवर चेंडूचा बिंदू घ्या. १ सेंटिमीटरची पट्टी त्या बिंदूपासून आधी ४ आणि मग २ सेंटिमीटरवर ठेवून 'सावली' आखा आणि मोजा.

२. मित्राला उभी फूटपट्टी न सांगता सोडायला लावा आणि ती दोन बोटांत पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर तुमचा प्रतिक्रिया-काल सुमारे ०.२ सेकंद आहे. सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच.

३. शाळेच्या मैदानावर चौघांची फळी करा. गुरुजी किंवा बाई टाळी वाजवतील तेव्हा चौघांनी एकदम तीन पावले पुढे यायचे. पाचव्याने बाजूला उभे राहून सर्वांत मागे कोण राहिला ते लिहून ठेवायचे. दहा टाळ्यांत किती वेळा चौघे एका रेषेत आले?

पहिल्या दिवशी आकडा फार लहान येईल. निराश होऊ नका. मिलानच्या चौघांनाही ते एका दिवसात जमलेले नव्हते.