ख्रिस्ती स्त्री : ग्रंथात, नगरात, वेदीपाशी

ग्रंथात : गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ख्रिस्ताच्या ठायी स्त्री-पुरुष भेद मानत नाही. त्याच्याच नावावरचे तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र मात्र बाईला शिकवण्याची मनाई करते. रोमकरांस लिहिताना तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिची आदराने शिफारस करतो.

नगरात : अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८३९ मध्ये अहमदनगरला आल्या आणि अखेरपर्यंत, १८६२ पर्यंत, मुलींना शिकवत राहिल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतिराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली.

स्वतःचा निर्णय : कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे फरफटत गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मनाला पटले तेव्हाच बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हे सारे आहे.

कायद्यात : १८६९ च्या घटस्फोट कायद्याने ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरे होते, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग यांसारखे आणखी कारणही सिद्ध करावे लागे. हा अन्याय २००१ च्या दुरुस्तीने संपला.

वेदीपाशी : १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळते, रोमन कॅथलिक चर्चमध्ये नाही. मॉर्मन पंथात १८४२ मध्ये स्त्रियांची रिलीफ सोसायटी स्थापन झाली, पण पुरोहितपद आजही पुरुषांकडेच.

ज्या मंडळ्या बायकांच्या कष्टांवर उभ्या राहिल्या, तिथे निर्णयाचा अधिकारही त्यांना मिळालाच पाहिजे.