सी हॉकच्या काजळीचा तपशील

उरणमधील माझ्या कामाच्या खोलीत ठेवलेली, रेडिओ-नियंत्रणावर उडणारी सी हॉक विमानाची प्रतिकृती न्याहाळून शेजारच्या एका जिज्ञासू मुलाने परवा विचारले, "काका, जेटचा धूर शेपटातून निघतो ना? मग ही काजळी पंखांपाशी कशी?"

प्रश्न मार्मिक होता.

डिसेंबर १९७१ मध्ये 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून झेपावून कॉक्स बाजारवर हल्ला करणाऱ्या या विमानाच्या एकमेव इंजिनाचा धूरमार्ग दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशी उघडत असल्यामुळे काजळीचे पट्टे तेथूनच मागे पसरतात. शेपटाखाली असतो तो जहाजावरील तार पकडणारा आकडा.

मूळ पंखविस्तार सुमारे ११.८९ मीटर, १:१० प्रमाणात तो ११९ सेंटिमीटर भरतो, आणि बाकीचे सर्व तपशील त्याच हिशेबाने बेतावे लागतात.

पत्र्यांच्या सांध्यांसाठी बारीक चिकटपट्टी लावून वर प्रायमर फवारावा. घासून पट्टी काढली की खाच उमटते.

रिव्हेटसाठी सिरिंजच्या सुईने पांढऱ्या गोंदाचे सूक्ष्म थेंब ठेवावेत.

काजळीसाठी काळ्या खडूची पूड मऊ कुंचल्याने वाऱ्याच्या दिशेने ओढून वर मॅट लॅकर द्यावे.

मात्र शेपटाकडे वाढलेले अल्पसे वजनही गुरुत्वमध्य मागे नेऊन विमानास अनावर करते. म्हणून सजावटीनंतर तोल पुन्हा तपासावा.

उरण हा नौदलाच्या वास्तव्याचा मुलूख असल्याने, उड्डाण रीतसर परवानगी असलेल्या ठिकाणीच करावे.

अस्सल सी हॉक गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहावयास मिळते.

रंग, गोंद, प्रमाण यांविषयी शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात.